सरकीखाली निवलेली थाळी

लग्नाकार्यात नवी ओळख झाली की लोक विचारतात, "तुम्ही कोणत्या खात्यात होते?" माझ्या वयाचा यवतमाळचा माणूस कुठल्या ना कुठल्या खात्यातून निवृत्त झालेला असणारच, अशी त्यांची खात्री असते. मी सांगतो, "खात्यात नव्हतो, डायमेकर होतो." समोरचा जरा थांबतो आणि मग मुलं काय करतात ते विचारतो. चौतीस वर्षं मी डाय कापल्या, पण डाय म्हणजे काय हे शेवटपर्यंत ऐकून घेणारी माणसं फार थोडी भेटली. या अंकाच्या संपादकांनी 'कामाबद्दल काहीतरी लिहा' म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण वाचकाला मधेच मुलांची चौकशी करता येत नाही.

तर डाय म्हणजे पोकळी. तुमच्या घरातली बादली, तेलाच्या डब्याचं झाकण, पेनाचं टोपण, जे जे प्लास्टिकचं आहे ते कुणीतरी आधी पोलादात कोरलेल्या पोकळीतून बाहेर पडलेलं आहे. पोलादाचे दोन जड भाग एकमेकांवर बसतात आणि मधे वस्तूच्या आकाराची रिकामी जागा उरते. मशीन प्लास्टिकचा दाणा वितळवून त्या जागेत दाबून भरतं, पाण्यानं थोडं निववतं, मग दोन्ही भाग उघडतात आणि वस्तू बाहेर येते. ती रिकामी जागा कोरणं हे माझं काम. त्यात सगळं उलटं असतं. वस्तूवर उंचवटा तिथे डायमधे खड्डा. अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागतात. माझी सही सुलटी काढताना मी अडखळतो, उलटी मात्र झोपेतही काढीन.

या धंद्यात भीती एकाच गोष्टीची. कापलेलं पोलाद परत लावता येत नाही. माझे वडील राजूरच्या खाणीत होते, आणि मला खाणीत उतरायचं नव्हतं म्हणून मी वणीला एका म्हाताऱ्या उस्तादांच्या लेथवर उभा राहिलो. ते रोज एकच वाक्य ऐकवायचे, "थोडा छोड के काट, बेटा. कल भी दिन है." आज थोडं राखून काप, उद्या लागलं तर आणखी काढता येईल. हे वाक्य मी पुढे माझ्या हाताखालच्या सगळ्यांना ऐकवलं आणि एकदा स्वतःच विसरलो. त्या एका वेळेबद्दलच मी इथे लिहिणार आहे.

आमचा कारखाना यवतमाळच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या एका शेडमधे. दोन मशीन, एक लहान आणि एक मोठं. आम्ही मुख्यतः फवारणी पंपाच्या टाकीची झाकणं काढायचो. ज्या वर्षांबद्दल लिहितोय ती कापसाची वाईट वर्षं. तेव्हा यवतमाळचं नाव रोज पेपरात असायचं आणि लॉजमधे कॅमेरेवाले उतरलेले असायचे. त्या दिवसांबद्दल शहाण्या माणसांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. मी झाकणांपुरतं सांगतो. कापूस पिकेना, तसे नवे पंप खपेनात. पंप खपेनात म्हणून झाकणं कुणाला लागेनात, आणि मोठं मशीन आठवड्यातले चार दिवस कापड पांघरून उभं राहू लागलं.

मालक राठोडसाहेब दिग्रसकडच्या तांड्यावरचे. इंजिनिअर होऊन स्वतःच्या हिमतीवर शेड टाकलेला माणूस. पावसाळा सरता सरता त्यांनी मला बोलावलं.

"खोब्रागडे, नागपूरची पार्टी येऊन गेली. मोठी मशीन मांगून राह्यली."

"मग?"

"मग काय? दिवाळीपर्यंत तिच्यासाठी काही काम भेटलं तर ठेवतो. नाही तर देऊन टाकतो."

मोठं मशीन गेलं म्हणजे त्याच्यासमोरचं टेबलही जाणार होतं. त्या टेबलावर सात बाया काम करायच्या. मशीनमधून निघालेला गरम नग घ्यायचा, त्याला चिकटून आलेलं जादा प्लास्टिकचं शेपूट कापायचं, काठ साफ करायचा, रचून ठेवायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या म्होरक्या कौसल्याबाई. नेरजवळच्या एका गावाहून रोज पहिल्या एसटीनं यायच्या. त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि घर त्यांच्या एकटीच्या कामावर चालायचं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, बाकीच्या बायांकडून कळलं.

असे दिवस चालू असताना अनिकेत आला. गावातल्या एका जुन्या वकिलांचा मुलगा. परदेशात शिकून आला होता आणि आता काय करणार, हे गावातल्या कुणालाच कळत नव्हतं. त्यानं माझ्या टेबलावर तीन थाळ्या ठेवल्या. एक पिवळी, एक निळी, एक लाल. वीतभराहून जरा रुंद, काठ जाड, मधे किंचित फुगीर.

कौसल्याबाईंनी जाता जाता एक उचलली, उलटी केली, काठावरून बोट फिरवलं. "कायचं झाकन व्हय हे?"

"झाकण नाही काकू, डिस्क आहे. उडवायची," अनिकेत म्हणाला.

"मंग झाकनावानीच केलं कायले?"

त्यानं समजावून सांगितलं. मोकळ्या रानात एक खांब रोवायचा, त्याला साखळ्या लटकवायच्या, खाली टोपली. लांबून थाळी फेकत फेकत त्या टोपलीत घालायची. ज्याला कमी फेकी लागतील तो जिंकला. लांब पल्ल्याची थाळी वेगळी असते, तिचा काठ धारदार. टोपलीजवळची वेगळी, ती बोथट. आणि या तीन मधल्या पल्ल्याच्या. तो खेळ इकडे कुणी खेळत नव्हतं. बाहेरून थाळ्या मागवणं परवडत नव्हतं, म्हणून त्याला स्वतःची मधली थाळी इथेच काढायची होती. कुणाची नक्कल नको, पण उडायला निळीच्या जवळपास हवी.

"काका, निळी सरळ जाते. पिवळी उजवीकडे पळते. लाल डावीकडे पडते. बनवणारे वेगवेगळे, पण मोजून पाहाल तर तिन्ही सारख्याच."

मी माप घ्यायचा व्हर्निअर काढला. रुंदी सारखी. तराजूवर वजनही जवळजवळ सारखं. मला ते पटेना. सारख्या मापाच्या तीन वस्तू तीन वाटांनी जातातच कशा? खरं सांगतो, मशीनचं काय होणार हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात दुसऱ्या नंबरला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा सुटायच्या आत, आम्ही पांढरकवडा रोडवरच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात गेलो. एके काळी तिथे गाड्यांची रांग लागायची आणि कापसाचे ढीग घरापेक्षा उंच असायचे. आता सपाट मोकळी जमीन होती. थाळ्या फेकायला याहून चांगली जागा जिल्ह्यात सापडली नसती, आणि हे मनात आल्याचं मला जरा वाईटही वाटलं. कौसल्याबाईही आल्या होत्या. "झाकन उडते कसं थे पाहाले," म्हणाल्या. कुंपणाजवळ जुन्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, भारा पडला होता. त्यातल्या काड्या त्यांनी काढून घेतल्या आणि थाळी जिथे पडेल तिथे एकेक रोवत गेल्या.

अनिकेतनं तिन्ही फेकल्या, पुन्हा पुन्हा. त्यानं सांगितलं होतं तसंच झालं. उजवा हात छातीकडून बाहेर झटकून अशी फेकलेली थाळी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. जोर आहे तोवर ती उजवीकडे कलू पाहते, जोर सरला की डावीकडे कलून खाली उतरते. पिवळी उजवीकडे गेली ती परत आलीच नाही. लाल अर्ध्या वाटेतच डावीकडे वळून खाली बसली. निळी सरळ गेली आणि शेवटी, चपला काढायला दाराशी वाकावं तेवढीच, डावीकडे झुकली.

त्या तिन्ही थाळ्या मी घरी नेल्या. पत्र्याचे तुकडे कापून प्रत्येकीच्या काठाचा साचा घेतला, जसा चांभार पायाचा घेतो. तिन्ही पत्रे उजेडात एकमेकांवर धरले तेव्हा भेद दिसला. थाळीच्या काठाला सगळ्यात बाहेर आलेलं एक टोक असतं, नाकासारखं. पिवळीचं नाक खाली होतं, लालचं वर, निळीचं मधे. फरक मिलिमीटरचा, कुठे अर्ध्याचा. लालच्या काठाखाली शिवाय एक बारीक गोट होता, लुगड्याच्या काठाला असतो तसा. तिसरी गोष्ट पोटाची. निळीचं पोट हलकं फुगलेलं, लालचं सपाट. फुगीर पोट हवेवर जरा जास्त वेळ राहतं, सपाट लवकर बसतं. बायको म्हणाली, "एवढं माझ्या पोळ्यांकडे पाहिलं असतं तर." तिचंही बरोबर होतं.

मी डाय कापायला घेतली. गोल वस्तू म्हणजे लेथचं काम, माझ्या आवडीचं. नाक निळीपेक्षा केसभर वर, गोट नाही, पोट निळीएवढं. पॉलिश तर असं केलं की त्यात पाहून दाढी करावी. पहिल्या दिवशी मशीनवर चढवली, दाणा सुरू केला, आणि पांढऱ्या थाळ्या एकामागून एक टेबलावर येऊ लागल्या. बाया शेपटं कापत होत्या, दहा दहाची चळत रचत होत्या आणि प्रत्येक चळतीवर फडक्यात गुंडाळलेली एक वीट ठेवत होत्या.

ही वीट आमच्या टेबलाची रीत होती. झाकण गरम असताना मोकळं सोडलं तर निवताना वाकडं होतं आणि टाकीवर बसत नाही. कौसल्याबाईंनीच पूर्वी कधीतरी शोधून काढलं होतं की दहा झाकणं रचून वर वीट ठेवली की सगळी सपाट राहतात. तेव्हापासून आमचं एकही झाकण परत आलं नव्हतं. त्या दिवशीही विटा ठेवल्या गेल्या. मी तिथेच उभा होतो, मला ते दिसत होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही.

जिनिंगच्या आवारात आमच्या दहा थाळ्या उडाल्या. त्यातल्या आठ लालसारख्या डावीकडे जाऊन बसल्या.

"काका, ही तर लालच झाली," अनिकेत हळूच म्हणाला. मुलगा सभ्य होता.

उरलेल्या दोन मात्र अगदी निळीसारख्या गेल्या. मी म्हटलं, फेकीचा फरक असेल. कौसल्याबाई काड्या गोळा करत आल्या, त्या दोन थाळ्या डोळ्यांसमोर आडव्या धरून पाहिल्या.

"भाऊ, ह्या दोन झाकनाइले मी दाबलं नोहोतं. जेवाची सुट्टी झालती, तं थ्या टेबलावरच राह्यल्या होत्या."

"बरं, मग?"

"मंग काही नाही. बाकीच्या दाबल्या हायेत. ह्या फुगल्या हायेत."

इथे थांबून त्यांचं ऐकायला हवं होतं. मी काय म्हटलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "कौसल्याबाई, थाळी कशी उडते ते डायमधे ठरतं. टेबलावर नाही." त्यांनी काड्यांची जुडी बांधली आणि बस पकडायच्या घाईत असल्यासारख्या पुढे निघून गेल्या, खरं तर दोघांनाही कारखान्यातच जायचं होतं.

थाळ्या सपाट येतायत ना, मग पोट कमी कोरलं गेलं असणार, असा मी हिशेब मांडला. डाय उतरवली आणि वरच्या भागातलं पोट आणखी खोल केलं. थोडं राखून नाही. दिवाळी जवळ आली होती, राठोडसाहेब दिवसातून दोनदा दाराशी येऊन उभे राहत होते, आणि मला एकाच खेपेत काम संपवून माझं बरोबर होतं हे दाखवायचं होतं. लेथखाली पोलादाची बारीक कुरळी भुकटी पडली. ती झाडून मी डब्यात टाकली.

दुसऱ्या खेपेच्या दहा थाळ्या घेऊन पुन्हा आवारात गेलो. त्या फेकल्या. आता एक थाळी दुसरीसारखी जाईना. एक डावीकडे धपकन बसली, एक सरळ गेली, एक उजवीकडे इतकी तरंगत गेली की कुंपणालाच लागली. लाल, निळी, पिवळी, सगळ्या एकाच डायमधून निघाल्या होत्या. अनिकेत खाली बसला. मी माझ्या हातांकडे पाहत होतो.

कौसल्याबाईंनी शेवटची काडी रोवली आणि माझ्याजवळ आल्या.

"भाऊ, राग नका धरू. मी एक काम केलतं."

"काय?"

"चळतीतून काढताना सुईनं काठाच्या आतून रेघा ओढल्या. सगळ्यात खालच्या झाकनाले एक रेघ. वरच्याले दहा. आता पाहा."

आम्ही डाव्या टोकापासून थाळ्या उचलायला लागलो. पहिल्या काडीजवळच्या थाळीला एक रेघ. पुढचीला दोन. मग तीन, चार. मग सहा, मग पाच, तेवढी एक जोडी उलटी. मग सात, आठ, नऊ. कुंपणाला लागलेलीच्या काठात दहा बारीक रेघा होत्या. टेबलावरची चळत जशीच्या तशी जमिनीवर आडवी पडली होती. खालची थाळी सगळ्यांच्या ओझ्याखाली आणि सगळ्यांच्या उबेत जास्त वेळ राहिली, म्हणून सपाट झाली. वरचीवर फक्त विटेचा भार होता आणि ती लवकर निवली, म्हणून फुगीर राहिली. चौतीस वर्षांत इतकं सुंदर काही मी पाहिलं नाही. पण तोवर डाय कापून झाली होती. पहिली डाय बरोबर होती. वीट काढली असती तर काम झालं असतं. आता वीट काढली तर सगळ्या थाळ्या दहाव्या थाळीसारख्या कुंपणाला जाणार होत्या.

अनिकेत गेल्यावर मी बाईंना सांगितलं, "मी जास्त कापलं. परत लावता येत नाही."

"पोलाद नाही लावता येत," त्या म्हणाल्या, "पन थाळी तं दाबता येते. एकएक दाबू. सारखी."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा झाकण न म्हणता थाळी म्हटलं.

विटेचा उपयोग नव्हता, ती कडक. गरम थाळीवर तिचे कोपरे उमटायचे. वाळूची पिशवी करून पाहिली, ती जड आणि थंड, मधे खळगा पडायचा. चौथ्या दिवशी बाई नेरहून येताना लुगड्याच्या तुकड्यात बांधलेल्या तीन पुरचुंड्या घेऊन आल्या. आत सरकी होती, कापसाचं बी, त्यांच्या म्हशीच्या खुराकातलं. एक हलकी, एक मध्यम, एक जड. सरकी मऊ बसते, पोटाच्या गोलाईबरोबर पसरते आणि उष्णताही हळूहळू घेते. प्रत्येक थाळी मशीनमधून आली की सुटी टेबलावर ठेवायची, मधोमध पुरचुंडी ठेवायची आणि मोजायचं. बाई मनातल्या मनात मोजायच्या, ओठ हलताना दिसायचे. हलकीखालची उजवीकडे गेली, जडखालची डावीकडे. मध्यम पुरचुंडी आणि दोनशेपर्यंत मोजणी, हे जमलं. पुरचुंडी वापरून वापरून गरम झाली की थाळी पुन्हा बिघडायची, हेही त्यांच्याच लक्षात आलं. मग प्रत्येक जागेला दोन दोन पुरचुंड्या शिवल्या, एक कामावर आणि एक निवत.

दिवाळीच्या चार दिवस आधी राठोडसाहेब स्वतः आवारात आले. दहा थाळ्या गेल्या. दहाही सरळ गेल्या, शेवटी जराशा डावीकडे झुकल्या आणि एका खाटेवर मावतील इतक्या जवळ पडल्या. अनिकेत हसत सुटला. राठोडसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"खोब्रागडे, जमवलं तुम्ही. काय केलं होतं?"

कौसल्याबाई दहा पावलांवर काड्या उपटत होत्या. मी म्हणालो, "डायमधे दुरुस्ती केली. आणि टेबलावर निववायची पद्धत जरा बदलली."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते अनेकदा तपासून पाहिलं आहे. वाक्य सगळं मिळून खोटं आहे. बाईंनी ऐकलं असणार, आवारात इतर आवाज नव्हता. त्यांनी काड्यांची जुडी बांधून कुंपणाशी ठेवली.

मशीन राहिलं. टेबल राहिलं. सातही बाया राहिल्या. अनिकेतचा खेळ हळूहळू कुठे कुठे पसरला, दर वर्षी आमच्याकडून थाळ्या जाऊ लागल्या आणि झाकणांच्या दोन हंगामांमधली रिकामी जागा भरून निघाली. पहिला मोठा लॉट काढायच्या आधी अनिकेत म्हणाला, "काका, तुमची काहीतरी खूण हवी यावर." आमच्या धंद्यात डायमेकर कधीकधी कोपऱ्यात आपली बारीक खूण ठेवतो, गवंड्यानं ओल्या सिमेंटवर ठेवावी तशी. मी डायच्या खालच्या भागात उलटा 'ख' कोरला. थाळीच्या पाठीमागे मधोमध तो सुलटा उमटायचा. पहिली थाळी निघाली तेव्हा कौसल्याबाईंनी बोट फिरवून विचारलं, "हे काय व्हय?"

"माझी खूण."

"बरं हाय," त्या म्हणाल्या आणि थाळीवर पुरचुंडी ठेवून मोजायला लागल्या.

पुढची काही वर्षं त्या माझ्या समोरच्या टेबलावर होत्या. सांगायचं ठरवून मी कितीदा तरी त्या टेबलापर्यंत गेलो असेन आणि दाण्याच्या पोत्यांबद्दल काहीतरी विचारून परत आलो असेन. मग त्यांचे गुडघे गेले आणि त्या काम सोडून गावी बसल्या. जाताना त्यांनी बाकीच्या बायांना मोजायला शिकवलं. पुरचुंड्यांमधली सरकी बदलून ताजी भरून दिली.

माझ्या कामाच्या शेवटच्या आठवड्यात मी राठोडसाहेबांकडे गेलो आणि थाळीची डाय उतरवायची परवानगी मागितली.

"काहून? बिघडली काय?"

"नाही. एक अक्षर राहिलंय."

मग सगळं सांगितलं. वीट, दोन न दाबलेल्या थाळ्या, मी त्यांना दिलेलं उत्तर, जास्तीचं कापलेलं पोट, सुईच्या रेघा. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "इतके वर्षं कायले थांबले मंग?" आणि डाय उतरवायला सांगितलं.

कापलेलं परत लावता येत नाही, पण शेजारी आणखी कापता येतं. मी 'ख'च्या आधी, त्याच मापाचा, उलटा 'कौ' कोरला. डाय चढवली, पहिली थाळी निघाली ती स्वतःच्या हातानं घेतली, शेपूट कापलं, पुरचुंडी ठेवली, दोनशे मोजले आणि कापडात गुंडाळून ठेवली. निवृत्त झाल्यावर पहिल्याच रविवारी नेरची बस धरली.

कौसल्याबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, नजर तीच. त्यांच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. चहा झाला. मी थाळी त्यांच्या हातात दिली. जे बोलायचं ते बसमधे पाठ केलं होतं, तरी उलटसुलट झालं. जमवलं तुम्ही होतं, मी साहेबांना तसं सांगितलं नाही, मला लाज वाटते, एवढं कसंबसं बोललो.

त्यांनी थाळी उलटी केली. मधल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, दोन्हींवरून, परत एकदा. डोळे भरून आले होते, ते पदरानं पुसले. मग थाळी सुलटी करून डोळ्यांसमोर आडवी धरली, जुन्या सवयीनं.

"भाऊ, ही निववली कोनं?"

"मीच. का?"

"दोनशे मोजले?"

"मोजले."

"घाईनं मोजले. फुगली हाय ही. सरळ नाही जाची."

मी म्हटलं, चांगली पुरचुंडी ठेवली होती, दोनशेच मोजले होते. त्या वाद घालत बसल्या नाहीत. काठी टेकत उठल्या. घरामागे पऱ्हाटी उपटून मोकळं केलेलं वावर होतं. धुऱ्यावरच्या ढिगातून एक काडी काढून त्या हळूहळू चालत गेल्या, माझ्यापासून बऱ्याच लांब, आणि बऱ्याच उजवीकडे. तिथे काडी रोवली, दोन पावलं मागे सरकल्या आणि ओरडून म्हणाल्या, "फेका आता."

मी अनिकेतकडून शिकलो होतो तशी, सगळा जीव लावून, सरळ समोरच्या बाभळीवर नेम धरून थाळी फेकली. ती सरळ निघाली, मग उजवीकडे कलली, तरंगत राहिली, आणि काडीपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली.

बाईंनी ती उचलली, पदरानं माती पुसली आणि माझ्याकडे चालत आल्या. "चला," म्हणाल्या, "आता मोजाचं कसं थे शिकवतो तुमाले."